वतनी जमिनीची विक्री व तिच्या आड येणारे निर्बंध

जमिनीचा व्यवहार ठरतो, दर ठरतो, इसाराची रक्कमही दिली जाते. आणि मग सातबाराच्या उताऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्याकडे कोणाचें तरी लक्ष जातें. तेथें नवीन व अविभाज्य शर्तीचा, जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरणास बंदी असल्याचा, किंवा देवस्थान इनामाचा एखादा शेरा असतो. जमीन घरची, वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची, मग ती विकण्यास परवानगी कशाला, असा प्रश्न विकणारास पडतो, व हा निर्बंध अलीकडे कचेरीनें उगाच लादला अशी त्याची समजूत होते. उलटपक्षीं, जुनीं खरेदीखतें चाळणारा अभ्यासक पाटिलकी, कुळकर्ण व मिरास यांच्या विक्रीचे अनेक कागद पाहतो आणि मराठी राज्यांत ज्यानें त्यानें हवें तें हवें त्यास विकावें अशी मोकळीक होती, असें अनुमान बांधतो.

आमच्या मतें या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. वतनी जमिनीच्या विक्रीवर निर्बंध पूर्वींही होते व आजही आहेत. बदल झाला तो निर्बंध घालणारा कोण, तो कशासाठीं घालतो व तो उठतो कसा, या तीन गोष्टींत. हा बदल कसकसा होत गेला तें या लेखांत थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. जुना कागद वाचणाऱ्यास व नवा कागद करणाऱ्यास, दोघांसही त्याचा उपयोग होईल अशी आमची समजूत आहे.

(१) विकलें जात असे तें काय?

प्रथम शब्दांचा अर्थ नीट लावून घेतला पाहिजे. आज ‘वतनी जमीन’ म्हटलें म्हणजे एक विशिष्ट गटनंबर डोळ्यांपुढें येतो. जुन्या कागदांतील ‘वतन’ याहून पुष्कळ व्यापक आहे. गांवची किंवा परगण्याची वंशपरंपरेची चाकरी, त्या चाकरीबद्दल लावून दिलेली जमीन, रयतेकडून यावयाचे हक्क, आणि गांवांतील मानपान, हीं चारही मिळून वतन होतें. पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे, महार, चौगुला, सुतार, लोहार हे आपआपल्या परीनें वतनदारच होत. ‘मिरास’ हा शब्द कित्येक कागदांत वतन याच अर्थीं येतो. परंतु शेतकऱ्याच्या बाबतींत त्याचा अर्थ वंशपरंपरेनें कसावयाची व विकतांही यावयाची जमीन असा आहे. मिरासदाराच्या उलट तो उपरी. उपऱ्याचें गांवांत राहणें व जमीन कसणें कराराच्या मुदतीपुरतें. ‘इनाम’ म्हणजे सारा माफ असलेली किंवा कमी साऱ्याची जमीन. ती व्यक्तीस, चाकरीबद्दल अथवा देवस्थानास दिलेली असे.

हे भेद येथें सांगण्याचें कारण असें कीं, पुढील सर्व निर्बंध याच भेदांवरून निघाले आहेत. चाकरीस जोडलेली जमीन चाकरीवांचून तिऱ्हाइताकडे गेली तर चाकरी कोणी करावी? देवास दिलेली जमीन पुजाऱ्यानें विकली तर दिवाबत्ती कशी चालावी? कुळाची मिरास एकट्या भावानें विकली तर बाकीच्या भावांनीं काय करावें? निर्बंधाच्या मुळाशीं असा एखादा प्रश्न बहुधा सांपडतो, आणि तो ध्यानांत आला म्हणजे निर्बंधाचें स्वरूपही उलगडतें.

(२) शास्त्रकारांचें मत

कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली मिताक्षरा ही महाराष्ट्रांत व्यवहाराच्या कामीं प्रमाण मानली गेली. तिचा काळ ११ व्या शतकाची अखेर व १२ व्याचा आरंभ. भूमीचें संक्रमण सहा गोष्टींनीं होतें, असें एक वचन विज्ञानेश्वर घेतो. आपला गांव, ज्ञातिबांधव, सीमेवरील शेजारी व वारस या चौघांची अनुमति, आणि सुवर्ण व उदक यांचें दान, या त्या सहा गोष्टी. नुसतें वचन पाहिलें तर या चौघांपैकीं एकानें नकार दिला कीं विक्री बुडाली असें वाटेल. परंतु विज्ञानेश्वर तसा अर्थ करीत नाहीं. गांवाची अनुमति घ्यावयाची ती व्यवहार उघड व्हावा म्हणून. गांवानें संमति दिली नाहीं तर व्यवहारच सिद्ध होत नाहीं असें नव्हे. शेजाऱ्याची अनुमति पुढें शिवेचा तंटा निघूं नये म्हणून. सुवर्ण व उदक यांचें कारण तो निराळें देतो. स्थावराची विक्री निषिद्ध व दान प्रशस्त मानलेलें असल्यामुळें विक्री करणें झाल्यास ती दानाच्या रूपानें करावी, असा त्याचा अभिप्राय आहे.

यांतील दोन गोष्टी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, विक्री अगदीं बंद नव्हती. ती चारचौघांच्या देखत व्हावी एवढा आग्रह होता. दुसरी, निर्बंधाचा हेतु पाहून त्याचें बळ ठरविण्याची रीति आपल्याकडे बरीच जुनी आहे. उघडपणासाठीं घातलेली अट व हक्कच काढून घेणारी अट या दोहोंत विज्ञानेश्वर स्पष्ट भेद करितो. हा भेद पुढील काळांत कसा पुसट झाला तें आतां पाहूं.

(३) मराठी राज्यांतील रीत

वतनाच्या विक्रीचे जे कागद प्रसिद्ध झाले आहेत, त्यांत राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या खंडांतून छापलेले कागदही आले, त्यांवरून विक्रीची रीत साधारणतः अशी दिसते. वतन विकण्याचें कारण खतांत आधीं सांगितलेलें असतें. दिवाणचा पैका थकला, दुष्काळ पडला, कर्ज अंगावर बसलें, गुन्हेगारी भरावी लागली, अशीं तीं कारणें असतात. संकटावांचून वतन विकणें कमीपणाचें मानीत, म्हणून कारण लिहिणें हा उपचार नसून समर्थन होतें. मग विकणारा आपल्या राजीरजावंदीनें विकीत असल्याचें सांगतो, किंमत पावल्याचें लिहून देतो, आणि भाऊबंद, वारस अथवा दुसरा कोणी हिल्लाहरकत करील तर तिचें निवारण आपण करूं अशी हमी घेतो.

परंतु एवढ्यानें भागत नसे. भाऊबंदांची तकसीम वतनांत असल्यामुळें त्यांची संमति लागे, व ती खतावर साक्षीच्या रूपानें दिसते. त्यापुढें गोताचा प्रश्न येई. गोत म्हणजे गांवचे व आसपासचे वतनदार, बलुतेदार व मोकदम यांची सभा. ही सभा भरून जो कागद होई तो महजर. त्यावर लिहितां येणारे सही करीत व न येणारे आपल्या धंद्याची निशाणी करीत. पाटलाचा नांगर, परिटाची मोगरी, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्यांनीं महजराची अखेर भरलेली असते. वतनाचा तंटा लागला म्हणजे हेच लोक साक्षीस उभे राहावयाचे; म्हणून विक्रीच्या वेळीं त्यांस हजर ठेवणें म्हणजे पुढच्या तंट्याचा पुरावा आधींच करून ठेवणें होय. यानंतर घेणारा सरकारांत नजर भरून आपल्या नांवें वतनपत्र करून घेई. येथें सरकार होतें, परंतु बहुधा शेवटीं. विक्रीचा खरा निकाल भाऊबंद व गोत यांच्यांत आधींच लागलेला असे, व सरकार त्यावर शिक्का करून आपली नजर घेई.

वतनाचा भाग विकतांना तर मोठी बारकाई लागे. निमी पाटिलकी विकावयाची तर नुसती जमीन निमी करून चालत नाहीं. होळीची पोळी आधीं कोणाची, पोळ्याच्या दिवशीं बैल पुढें कोणाचे, दसऱ्यास आपटा कोणीं पुजावा, वाजंत्री आधीं कोणाच्या दारीं जावी, टिळाविडा कोणास पहिला, कागदावर नांगर वर कोणाचा, हें सर्व खतांत एकेक करून नमूद करावें लागे. वडीलपण एकानें राखलें तर दुसऱ्यास जमिनींत किंवा हक्कांत कांहीं अधिक मिळे. आजच्या वाचकास या याद्या बालिश वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या गोष्टीवरून उद्यां तंटा होईल ती आज लिहून ठेवणें, हेंच चांगल्या खताचें लक्षण होय, आणि त्या काळीं तंटे मानपानावरून होत.

या व्यवस्थेंतही एक अडचण होती. मिरासदार परागंदा झाला तरी त्याची मिरास लगेच बुडत नसे. १८१९ च्या आपल्या अहवालांत एल्फिन्स्टननें असें नमूद केलें आहे कीं, सारा न भरल्यामुळें जमीन सुटली तरी बाकी देऊन ती परत मागण्याचा मिरासदाराचा हक्क निदान ३० वर्षें राहतो. म्हणजे गतकुळाची पडीक जमीन गांवाकडून मिरासपत्रानें घेणाऱ्याच्या डोक्यावर मूळ कुळाच्या परत येण्याची टांगती तलवार असे. म्हणून अशा मिरासपत्रावर गांवची ग्वाही जितकी भरगच्च, तितका घेणारा निर्धास्त. निर्बंध होता, पण तो ज्यांचा होता तीं माणसें गांवांतच होतीं, त्यांस विचारतां येत होतें, आणि त्यांनीं एकदां निशाणी केली म्हणजे त्यांच्या मुलांस मागें फिरणें कठीण होतें.

(४) निर्बंध सरकारच्या हातीं गेला

इंग्रजी अमलांत हें चित्र पालटलें. वतनाच्या हस्तांतरणास आळा घालण्याचें धोरण १८२७ च्या १६ व्या रेग्युलेशनापासूनच दिसतें. पण त्यास पक्कें रूप आलें तें १८७४ च्या मुंबईच्या वंशपरंपरा हुद्देदारांच्या कायद्यानें. लोकांत हाच वतन कायदा म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या ५ व्या कलमाचा आशय असा कीं, सरकारच्या मंजुरीवांचून वतनदारानें आपलें वतन अथवा त्याचा भाग, त्याच वतनाचा वतनदार नसलेल्या माणसास, आपल्या हयातीपलीकडील मुदतीसाठीं गहाण देऊं नये, विकूं नये व भाडेपट्ट्यानेंही देऊं नये. कामगिरी करणाराच्या वेतनासाठीं नेमलेली जमीन कोर्टाच्या हुकूमनाम्यांत सांपडली, तर जिल्हाधिकाऱ्याचा दाखला येतांच कोर्टानें जप्ती उठवावी व विक्री झाली असल्यास ती रद्द करावी, अशी तजवीज १० व्या कलमांत होती.

या तरतुदींचा उद्देश समजण्यासारखा होता. पाटील व महार यांच्याकडून सरकारास सारावसुली, बंदोबस्त व निरोप पोंचविणें हीं कामें करून घ्यावयाचीं होतीं. त्यांची जमीन सावकाराच्या घरीं गेली तर काम करणारास निर्वाह राहिला नसता. परंतु परिणाम काय झाला? जुन्या महजरांत वारसांची संमति विक्रीच्या वेळींच घेतलेली असे. नव्या कायद्यांत मंजुरी नसलेली विक्री विकणाराच्या हयातीपुरतीच टिकणार. तो वारला कीं त्याचा मुलगा जमीन परत मागूं शकतो. घेणारानें दिलेली किंमत खरी असली, ताबा खरा असला, साऱ्या गांवास व्यवहार ठाऊक असला, तरी त्या उघडपणाचें मोल उरलें नाहीं. विज्ञानेश्वरानें जी अट केवळ प्रसिद्धीची मानली तिच्या जागीं आतां हक्कच काढून घेणारी अट आली. घेणारा हा धोका जाणून भाव पाडून मागे, आणि गरजू वतनदारास तो पडत्या भावानें द्यावा लागे. ज्याचें रक्षण करावयाचें त्यालाच निर्बंधाची किंमत भरावी लागली.

सर्वच जमिनींची गत अशी झाली नाहीं. इनाम कमिशननंतर १८६३ च्या २ ऱ्या व ७ व्या कायद्यांनीं जी सरसकट तडजोड झाली, तिच्यांत व्यक्तिगत इनामें ठराविक आकार व नजराणा देण्याच्या अटीवर वंशपरंपरेचीं व विकण्याजोगीं झालीं. देवस्थानांच्या व धर्मादायाच्या जमिनी मात्र त्या त्या संस्थेपासून हस्तांतरित होऊं नयेत असें ठरलें. देशमुख-देशपांडे यांच्या चाकऱ्या गॉर्डनच्या ठरावानें माफ झाल्या, तरी तेवढ्यानें विक्रीची मोकळीक आली नाहीं. ठरावाच्या अटींतच ती दिली असेल तरच मिळाली. म्हणून एकाच घराण्याच्या तीन जमिनी, एक व्यक्तिगत इनाम, दुसरी देशमुखी वतन व तिसरी देवस्थानची, असतील, तर त्यांच्या विक्रीचे नियमही तीन. घराण्याचें नांव एक म्हणून जमिनीची जात एक असें समजणें हा संशोधकाचा व खरेदीदाराचा सारखाच प्रमाद आहे.

सामान्य रयतेच्या जमिनीस असा निर्बंध प्रथम नव्हता. कर्जापायीं जमिनी सावकारांकडे जाऊं लागल्या, १८७५ मध्यें सुपें येथें सुरू झालेले दंगे पुणें व नगर जिल्ह्यांत पसरले, आणि १८७९ मध्यें दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुढें १८९६ पासूनच्या दुष्काळांत साऱ्याच्या बाकीपायीं सरकारजमा झालेल्या जमिनी पुन्हां देतांना विक्रीचा अधिकार राखून ठेवावा, असा बेत १९०१ च्या जमीनमहसूल दुरुस्तींत निघाला. फेरोजशहा मेहता व गोपाळ कृष्ण गोखले यांनीं कायदे कौन्सिलांत त्यास कसून विरोध केला व ते इतर सभासदांसह सभा सोडून गेले. शेतकऱ्याची पत त्याच्या जमिनीवर आहे. विकण्याचा अधिकार काढला म्हणजे संकटाच्या वेळीं कर्ज मिळण्याचा मार्गही बंद होतो, असा विरोधकांचा मुद्दा होता. कायदा झालाच, आणि ‘नवी शर्त’ हा शब्द आमच्या बोलींत रुजला तो येथून.

(५) महार वतनाचा प्रश्न

निर्बंधाचें दुहेरी स्वरूप महार वतनांत सर्वांत ठळक दिसतें. जमीन थोडी, हिस्सेदार पुष्कळ, चाकरी मात्र दिवसरात्रीची व अनेक सरकारी खात्यांची, अशी त्या वतनाची स्थिति होती. जमीन आहे म्हणून चाकरी सोडवत नाहीं आणि चाकरी आहे म्हणून गांव सोडवत नाहीं, असा हा फांस होता. डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं १८७४ च्या कायद्यांत दुरुस्ती करण्याचें बिल १९ मार्च १९२८ रोजीं मुंबईच्या कौन्सिलांत मांडलें, तें या फांसांतून सुटका व्हावी म्हणून. तें बिल त्या वेळीं पार पडलें नाहीं. खालच्या गांवकामगारांचीं वतनें अखेर १९५८ च्या कायद्यानें, १ ऑगस्ट १९५९ पासून, बरखास्त झालीं.

येथें वाचकानें एक गोष्ट नीट पाहावी. चाकरी गेली, वतन गेलें, पण जमीन पूर्वींच्या वतनदारास परत दिली ती ‘जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीवांचून व ठरलेली रक्कम भरल्यावांचून हस्तांतर किंवा वाटप होणार नाहीं’ या अटीवर. चाकरीच्या रक्षणासाठीं असलेला निर्बंध चाकरी संपल्यावरही राहिला. त्याचें कारण मात्र बदललें. आतां तो धारकाच्या हातून जमीन स्वस्तांत निघून जाऊं नये म्हणून आहे. हें कारण पोकळ नाहीं. शहरालगतच्या जमिनींचे भाव चढले, त्या वेळीं धारकाच्या अडचणीचा फायदा घेणारे पुढें आले, हें सर्वांच्या पाहण्यांतलें आहे. तरीही संरक्षण व बंधन हीं एकाच दोरीचीं दोन टोकें आहेत हा इतिहास विसरतां येत नाहीं.

(६) हल्लींची स्थिति व विक्रीची वाट

परगणे व कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें, १ मे १९५१ पासून, बरखास्त झालीं. व्यक्तिगत इनामें १ ऑगस्ट १९५३ पासून. आणि मुलकी पाटलांचीं वतनें १९६२ च्या कायद्यानें, १ जानेवारी १९६३ पासून. वतनी जमिनी परत देतांना बहुतेक ठिकाणीं वरच्यासारखीच अट होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिनें भोगवटादारांचे जे वर्ग केले, त्यांत अशा निर्बंधित जमिनींचे धारक वर्ग २ मध्यें आले. कुळकायद्याच्या ४३ व्या कलमाखालील कुळांच्या जमिनींवर, व आदिवासी धारकांच्या जमिनींवरही निर्बंध आहेत. परंतु त्यांचीं कुळें निराळीं, व त्यांचे उपायही निराळे. कुळांच्या जमिनींच्या बाबतींत २०१४ च्या दुरुस्तीनें, खरेदीस १० वर्षें लोटलीं असल्यास, आकाराच्या ४० पट नजराणा भरून पूर्वमंजुरीवांचून विक्रीची वाट मोकळी केली. आदिवासींच्या जमिनींस ती सवलत लावून चालणार नाहीं.

मग विकणारानें काय करावें? आमचें सांगणें अगदीं साधें आहे. शेरा वाचून घाबरूं नये, व शेरा नाहीं म्हणून निश्चिंतही राहूं नये. सातबारावरील शेरा ही निर्बंधाची खूण आहे. निर्बंधाचें मूळ फेरफारांत, परत दिल्याच्या हुकुमांत व त्यामागील कायद्यांत आहे. म्हणून सातबारावरून फेरफाराच्या नोंदींकडे, म्हणजे गांव नमुना ६ कडे, एकेक पायरी मागें जावें. वर्ग २ च्या जमिनींची नोंदवही, गांव नमुना १-क, पाहावी. जमीन कोणत्या वतनाची, कोणत्या कायद्यानें बरखास्त झाली, कोणास व कोणत्या अटीवर परत मिळाली, हें कळल्यावांचून मंजुरी कोणाची व नजराणा किती हें सांगतां येत नाहीं. जमिनीची जात, तिचा पुढील उपयोग व हुकुमाची तारीख यांवर नजराण्याचा आकडा ठरतो. शेजाऱ्यानें किती भरला यावरून आपला हिशेब करूं नये.

दुसरें, मंजुरी आधीं व खरेदीखत मागाहून, हा क्रम मोडूं नये. दस्त नोंदला गेला म्हणजे निर्बंध उठला असें कित्येकांस वाटतें. नोंदणीनें दस्त झाला एवढेंच सिद्ध होतें. विकणारास विकण्याचा अधिकार होता असें सिद्ध होत नाहीं. मंजुरीच्या अटीवर करार करावयाचा तर ती अट, मुदत, नजराणा कोणीं भरावा, व मंजुरी न मिळाल्यास इसार परत कसा द्यावा, हें सर्व स्पष्ट लिहावें. मानपानाची यादी एकेक करून लिहिणारा जुना कारकून येथें आमचा गुरु होय.

तिसरें, आडवाट धरूं नये. कुलमुखत्यारपत्र व ताबापावती यांवर जमीन हातीं घेऊन वर्षानुवर्षें बसणारे पुष्कळ आहेत. वतन कायद्याच्या काळीं दीर्घ मुदतीचे पट्टे करून हेंच केलें जात असे, आणि वतनदाराच्या मृत्यूबरोबर तें कोसळत असे. किंमत देऊन, गप्प बसून किंवा वर्षें लोटून निर्बंध विरत नाहीं. ज्यानें तो घातला त्याच्याच हातून तो उठावा लागतो. पूर्वीं तो भाऊबंदांचा व गोताचा होता, तेव्हां त्यांच्या निशाणीनें उठला. हल्लीं तो राज्याचा आहे, तेव्हां राज्याच्या लेखी मंजुरीनें उठेल. देवस्थानच्या जमिनींत तर विकणारा स्वतः मालकच नसतो. तो वहिवाटदार आहे, आणि मालकी देवाची. तेथें विक्रीची बोलणी करण्यापूर्वीं हा विचार प्रथम व्हावा.

(७) समारोप

अभ्यासकास आमची सूचना अशी कीं, विक्रीचा जुना कागद हातीं आला म्हणजे किंमतीच्या आकड्याकडे पाहण्यापूर्वीं त्यावरील निशाण्या मोजाव्या. कोणाची संमति घेतली, कोणाची घेतली नाहीं, हमी कोणाविरुद्ध दिली, सरकारांतून पत्र केव्हां झालें, या प्रश्नांच्या उत्तरांत त्या जमिनीवरील निर्बंधाचा सारा इतिहास असतो. एखाद्या खतावर वडील भावाची साक्ष नसेल, तर पुढच्या पिढींत त्याच वतनाचा निवाडा कोठें आहे तें शोधावें. तंट्याचें बीज बहुधा त्या रिकाम्या जागींच असतें.

जमीनधारकांसही एक विनंती आहे. विक्रीच्या वेळीं घरांतील जुना रुमाल सोडला जातो, त्यांतून वकिलास उपयोगी असा एखादा कागद काढून घेतला जातो, आणि उरलेलें दप्तर मोडी वाचतां येत नाहीं म्हणून अडगळींत किंवा रद्दींत जातें. असें करूं नये. परत दिल्याचा हुकूम कचेरींत एकादे वेळीं सांपडणार नाहीं. परंतु त्याची घरची प्रत, साऱ्याच्या पावत्या, भाऊबंदांच्या वाटपाचा कागद, जुना महजर, यांवरून जमीन चाकरीची होती कीं व्यक्तिगत इनामाची हें ठरविण्यास मोठें साहाय्य होतें, आणि त्या एका निर्णयावर विक्री मोकळी कीं बांधलेली हें अवलंबून असतें. जमीन विकली तरी दप्तर विकूं नये व टाकूं नये. मूळ कागद ठेवण्यास घरीं जागा नसेल तर ते जवळच्या इतिहास-संस्थेच्या स्वाधीन करावे. तेथें ते वाचले जातील, त्यांची यादी होईल, आणि पुढें कोणा वारसास गरज पडल्यास ते जागच्या जागीं सांपडतील.